गाडीतला गारवा

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सुरतेच्या वाटेवर शिवाजीमहाराजांचे स्वार येथे थांबत, दमलेले घोडे सोडीत आणि ताज्या दमाच्या घोड्यांवर खोगीर चढवून पुढची मजल मारीत. घोडे बदलण्याचे ठिकाण, म्हणून बदलापूर. गोष्ट लोककथेतली आहे, तिला तेवढाच मान द्यावा. पण तिच्यातला व्यवहार खरा आहे. वाहन कोणतेही असो, त्याची दुखरी नस ओळखणारा माणूस वाटेत लागतोच. घोडा कोणत्या पायाने लंगडतो आहे, हे नाल ठोकणारा नुसत्या चालीवरून सांगत असे.

आता येथे घोडे बदलत नाहीत. पण एप्रिल लागला, पारा चाळिशीकडे सरकू लागला, की कात्रपच्या रस्त्यावर, बेलवलीत, पलीकडे अंबरनाथला आणि उल्हासनगरच्या गॅरेजांपुढे मोटारी उभ्या राहतात. बॉनेट उघडे असते आणि मालक घाम पुशीत एकच वाक्य बोलत असतो : "एसी गार करीत नाही हो. जरा गॅस भरून द्या."

श्रोतेहो, आज मला या एका वाक्याविषयी बोलायचे आहे. हे वाक्य बरेचसे चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे कळण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागते. फार नाही, आपल्याच रेल्वेलाइनच्या आरंभापर्यंत.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. १८५४ साली ती कल्याणला आली आणि १८५६ साली बदलापूर, नेरळ, कर्जत करीत घाटाच्या पायथ्याशी पोचली. लाकडी डबा, वर तापलेले छप्पर, पुढे धुराचे लोट सोडणारे इंजिन. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला गारवा मिळे तो खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचा. वरच्या वर्गातल्या साहेबलोकांसाठी मात्र पुढे एक सोय निघाली. खिडकीत वाळ्याच्या ताट्या लावायच्या, त्या पाण्याने ओल्या ठेवायच्या, म्हणजे त्यांतून येणारी हवा गार आणि सुगंधी होते. आपल्या माजघरातल्या माठाचेच हे शास्त्र. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी आसपासच्या वस्तूतून ओढून घेते आणि ती वस्तू गार पडते.

हे एवढेच वाक्य आज लक्षात ठेवा, बरं का. पातळ पदार्थाचा वायू होताना तो उष्णता ओढून घेतो. वाळ्याच्या ताटीपासून आजच्या मोटारीच्या एसीपर्यंत सारा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

पण वाळ्याची ताटी देशावर जितकी उपयोगी, तितकी आपल्या कोकणपट्टीत नाही. खानदेशातल्या कोरड्या झळीत ताटीतले पाणी झरझर उडून जाते. ठाणे जिल्ह्याच्या दमट हवेत ते उडतच नाही, कारण हवेच्याच अंगात आधी भरपूर पाणी असते. येथे मे महिन्यात ओला टॉवेलसुद्धा लवकर वाळत नाही, मग ताटी काय गार करणार? तेव्हा दुसरा उपाय हवा होता. तो म्हणजे बर्फ.

बर्फ त्या काळी अमेरिकेहून येई! हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून तो कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि गलबतावर चढवायचा. १८३३ साली 'टस्कनी' नावाचे जहाज बॉस्टनहून निघाले, तेव्हा त्यावर १८० टन बर्फ होता. चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचेपर्यंत त्यातला सुमारे १०० टन शिल्लक राहिला. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि रेल्वेने तो डब्याखाली नेला. मुंबई ते पेशावर धावणाऱ्या फ्रंटियर मेलला १९३४ साली गारव्याचा डबा जोडला गेला. त्याच्या तळाशी बंद पेट्यांतून बर्फाच्या लाद्या ठेवीत आणि त्यांवरून पंख्याने हवा आत सोडीत. ठरावीक स्टेशनांवर वितळलेले पाणी काढून टाकायचे आणि नव्या लाद्या भरायच्या. बदलापूरच्या स्वारांनी घोडे बदलावेत, तसे हे बर्फ बदलणे. आजही एसीची ताकद आपण 'टना'त मोजतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पोटात घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. बर्फ गेला, त्याचे माप मागे राहिले.

आता यंत्राकडे येऊ. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलीनमधील एका छापखान्यासाठी हवा काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. माणसांच्या सुखाचा तेथे प्रश्न नव्हता. दमट हवेत कागद फुगे आणि रंगावर रंग नीट बसत नसे, ही अडचण होती. माणसांचा नंबर पुढे लागला आणि मग दुसरीच अडचण आली. यंत्रात फिरवायचा पदार्थ कोणता? अमोनिया चाले, पण तो फुटला तर माणसे गुदमरत. सल्फर डायॉक्साइड विषारी. असला वायू घराच्या भिंतीआड एक वेळ परवडेल, पण बंद डब्यात आणि मोटारीत कोण नेणार?

यावर टॉमस मिजली याने तोड काढली. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने आपल्या नव्या वायूने छाती भरून घेतली आणि ती फुंकर हळूच पेटत्या मेणबत्तीवर सोडली. मेणबत्ती विझली, माणूस मात्र धडधाकट उभा. वायू विषारी नाही आणि पेटणाराही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. हाच तो फ्रिऑन, आपल्या गॅरेजवाल्यांच्या भाषेतला 'बारा नंबर'चा गॅस. मिजली म्हणजे तोच गृहस्थ, ज्याने पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्तीही जगाला दिली. दोन्ही शोध त्या वेळी वरदान वाटले आणि दोन्ही पुढे जगाला निस्तरावे लागले.

या गॅसच्या भरवशावर १९३९ च्या अखेरीस अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने एसी बसवलेली मोटार बाजारात आणली. गार करणारी कॉइल मागे डिकीत, त्यामुळे सामानाला जागा उरत नसे. आणि गंमत पाहा, एसी बंद करायला बटणच नव्हते. कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर सदैव फिरत राही. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि हाताने पट्टा उतरवायचा. धनिकांनीही ती गाडी फारशी घेतली नाही. पुढे पट्ट्याच्या चाकात विजेच्या चुंबकाचा क्लच आला, बटण दाबताच कॉम्प्रेसर धरू-सोडू लागला आणि मगच मोटारीतला एसी व्यवहारात उतरला. आपल्याकडे आधी ॲम्बॅसडर आणि फियाट गाड्यांत डॅशबोर्डाखाली वेगळा खोका बसवून घेत असत. पुढे मारुतीच्या छोट्या गाडीतही कारखान्यातूनच एसी येऊ लागला आणि साहेबाची चैन कारकुनाच्या आवाक्यात आली.

आता आपल्या मूळ वाक्याकडे वळू. "गॅस भरून द्या." या वाक्यामागे एक समज आहे. पेट्रोल जळते तसा गॅसही जळतो, संपतो, मग तो पुन्हा भरावा लागतो. पण एसीतला गॅस जळत नाही आणि संपतही नाही. तो बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे, कंडेन्सरची जाळी असते. तिच्यात तो आपली उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. मग ड्रायरमध्ये त्यातला ओलावा टिपला जातो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि तेथे त्याचा पुन्हा वायू होतो. वायू होताना काय करतो? उष्णता ओढून घेतो. झाले, माठाचेच शास्त्र. फरक एवढाच, की माठातले पाणी उडून जाते आणि हा गॅस फेरा पुरा करून परत येतो.

घरातला फ्रिज पंधरा-वीस वर्षे चालतो, त्यात दर उन्हाळ्याला कुणी गॅस भरतो का? नाही. त्याच्या नळ्या झाळून बंद केलेल्या असतात. मोटारीचे थोडे निराळे. इंजिन हादरते, म्हणून तेथे रबरी नळ्या लागतात, जोडांवर रबरी कड्या लागतात, कॉम्प्रेसरच्या दांड्याला सील लागते. यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपणारच, हे मान्य. पण दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर गाडीत गळती आहे, आणि गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे.

ही फुटकी घागर पुढे साऱ्या जगाच्या डोक्यावर फुटली. मिजलीचा गॅस इतका टिकाऊ, की हवेत सुटला तरी त्याचे काही होत नसे. कशात मिसळत नसे, पावसाने धुतला जात नसे. मग तो जातो कुठे? १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी याचे उत्तर दिले. तो हळूहळू वर चढतो, तेथे सूर्याच्या प्रखर किरणांनी फुटतो, आणि त्यातला क्लोरीन आपले रक्षण करणारा ओझोनचा थर खाऊ लागतो. प्रथम पुष्कळांनी हे हसण्यावारी नेले. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची भयंकर घट जगापुढे मांडली, तेव्हा हसणे थांबले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअलचा करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. मोलिना आणि रोलंड यांना पॉल क्रुट्झेन यांच्यासमवेत १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोटारींत बारा नंबर जाऊन 'एकशे चौतीस'चा गॅस आला. तो ओझोन खात नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कर्बवायूच्या तेराशे-चौदाशे पट जोरकस आहे. लहान मोटारीत तो चार-पाचशे ग्रॅम मावतो. म्हणजे एका गाडीचा गॅस हवेत सोडून दिला तर सहा-सातशे किलो कर्बवायू सोडल्यासारखे झाले. म्हणून २०१६ साली किगालीत या जातीच्या वायूंवरही मर्यादा घालण्याचे ठरले. भारताने ते २०२१ साली मान्य केले, आणि २०४७ पर्यंत त्यांचा वापर ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. आता सांगा, हे कलम पाळायचे कुणी? दिल्लीतल्या कचेरीत ते पाळले जाणार नाही. ते पाळले जाईल ते कात्रपच्या गॅरेजमध्ये, जेथे कारागीर नळीचा जोड सैल करतो. पूर्वी 'फुस्स' असा आवाज होई, जुना गॅस हवेत जाई आणि नवा भरला जाई. हाच गॅस यंत्राने टाकीत ओढून साठवता येतो आणि पुन्हा वापरता येतो. ते यंत्र महाग आहे आणि लहान कारागिराला ते घेणे जड जाते. म्हणून त्याला नुसता दोष देऊन भागणार नाही.

मग चांगला कारागीर ओळखावा कसा? तो आधी विचारतो, मग हात लावतो. गाडी चालताना गार आणि काटई नाक्याच्या कोंडीत उभी राहिली की गरम? मग गॅसचा प्रश्न नाही. कंडेन्सरचा पंखा फिरत नाही किंवा जाळी चिखल-कचऱ्याने बुजली आहे. हवा गार आहे पण अंगावर जोराने येत नाही? मग आतला फिल्टर धुळीने भरला आहे किंवा ब्लोअर दमला आहे. सुरुवातीला छान गार, अर्ध्या तासाने हवा मंदावते आणि थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा ठीक? बहुधा कूलिंग कॉइलवर बर्फ धरतो आहे. कुबट वास येतो? त्याच कॉइलवर बुरशी चढली आहे. डाव्या बाजूच्या पायाखाली पाणी साचते? कॉइलवरचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे, ती मोकळी करणे हे काही मिनिटांचे काम.

एवढे झाल्यावर तो दोन घड्याळे जोडतो, एक कमी दाबाचे, एक जास्त दाबाचे. दोन्ही काटे खाली असले तर गॅस कमी आहे, म्हणजे गळती आहे. दोन्ही फार वर असले तर गॅस जादा भरला आहे किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही. कमी दाब वर आणि जास्त दाब खाली, असे काटे एकमेकांकडे सरकले तर कॉम्प्रेसर थकला. कमी दाबाचा काटा शून्याखाली ओढला गेला तर व्हॉल्व्ह तुंबला किंवा त्यात ओलावा गोठला. गळती असेल तर साबणाचा फेस लावून, रंग सोडून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन तो ती जागा शोधतो. जोड बदलतो, ड्रायर बदलतो. मग किमान अर्धा तास पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढतो आणि दाब टिकतो का ते पाहतो. सगळ्यात शेवटी गॅस, आणि तोही वजन करून. गॅस ही शेवटची पायरी. जो तिला पहिली करतो, तो आपले पैसे घेतो आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा भेटतो.

आपल्या भागाला आणखी एक प्रकरण ठाऊक आहे, ते पुराचे. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली. २०१९ च्या २७ जुलैला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर उतारूंना बोटींतून बाहेर काढावे लागले. अशा दिवशी सखल भागातल्या मोटारी पाण्यात बुडतात. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवण्याचा मोह आवरावा, आधी बॅटरीची तार काढावी. कंडेन्सरच्या जाळीत गाळ बसतो, क्लचच्या बेअरिंगला गंज चढतो, ब्लोअरच्या मोटारीत पाणी शिरते, आतला फिल्टर कुजतो. हे सारे धुऊन-वाळवून मगच एसी लावावा. नाही तर पावसाळ्यात दिसलेले पाणी उन्हाळ्यात बिल होऊन पुन्हा दिसते.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मोटार नसलेल्यांचा. गावातली बहुसंख्य माणसे लोकलने जातात. २५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईची पहिली वातानुकूलित लोकल बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली. ही पहिली गाडी खरे तर २०१६ साली आपल्या मध्य रेल्वेच्या कुर्ला कारशेडमध्ये उतरली होती. पण तिची उंची आणि या मार्गावरचे जुने बुटके पूल यांचे जमेना, म्हणून ती पश्चिमेला गेली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर वातानुकूलित लोकल आली ती डिसेंबर २०२० मध्ये. मे २०२२ मध्ये एकेरी तिकीट निम्मे झाले. त्याच वर्षी ऑगस्टात साध्या लोकलच्या जागी आणखी दहा फेऱ्या वातानुकूलित केल्या, तेव्हा कळव्याला आणि बदलापूरला उतारू संतापून स्टेशनात जमले. काही दिवसांतच त्या दहा फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या.

या प्रसंगाकडेही कारागिराच्या नजरेने पाहावे, असे मला वाटते. यंत्रात बिघाड नव्हता. बिघाड हिशेबात होता. एक गाडी गार झाली, तेव्हा साध्या पासावरच्या माणसाची एक गाडी कमी झाली आणि त्याची पुढची गाडी दुप्पट भरली. गारव्याचा नियम येथेही तोच. यंत्र गारवा निर्माण करीत नाही, ते आतली उष्णता बाहेर टाकते. बाहेर कोण उभा आहे, हे पाहिले पाहिजे.

आणि जो आत आहे, त्याचे काय? बसलेला माणूस साधारण शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता टाकतो. तीनशे माणसे एका डब्यात असली, तर घरातले दीड टनाचे पाच-सहा एसी केवळ त्यांच्या अंगच्या उष्णतेला पुरावे लागतील. साध्या डब्यात पंखा बंद पडला तरी खिडकी आहे, दार आहे. वातानुकूलित डब्याची खिडकी उघडत नाही, दार आपोआप मिटते. एकदा खिडकी बंद केली, की प्रवाशाचा श्वास यंत्राच्या स्वाधीन होतो, आणि यंत्र त्या माणसाच्या स्वाधीन असते, जो कारशेडमध्ये फिल्टर धुतो, कॉइल पुसतो, पाण्याची वाट मोकळी करतो. गार हवेची गाडी आणणे हे एक दिवसाचे काम. ती गार ठेवणे हे रोजचे.

जुन्या स्वारांना हे ठाऊक होते. घोडा बदलण्याच्या ठिकाणी दाणा-वैरण आणि नाल ठोकणारा तयार असे, म्हणून सुरत गाठता येई. येत्या उन्हाळ्यात आपली मोटार गॅरेजात नेलीत, तर "गॅस भरून द्या" असे म्हणू नका. "कुठे गळते आहे ते पाहा" असे म्हणा. कारागीर थोडा जास्त वेळ घेईल. तो त्याला घेऊ द्या.